बोललेला आकडा

वारा पूर्वेकडून फिरला की आमच्या महाळुंगे पडवळात पारगावच्या कारखान्याचा वास येतो. गोडसर, जरा आंबलेला, वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटून बसणारा. दोरीवरचं लुगडं काढताना आई ते नाकाला लावते आणि म्हणते, "लागला गं शिझन." मग रस्त्यावर उसाची कांडकी पडायला लागतात, उसाच्या ट्रॉल्या वळणावर करकरतात, आणि सहा वाजायच्या आत अंधारून येतं.

यंदा त्या वासाच्या जोडीला दुसरा सीझनही आलाय. ग्रामपंचायतीची निवडणूक. परवा सकाळी एक टेम्पो कर्णे बांधून गावातनं फिरला. प्रचार अजून सुरू नव्हता. नुसतं "हॅलो, हॅलो, चेक" चाललं होतं. मी अंगणात भांडी घासत होते. तेवढ्या 'हॅलो'नं माझा हात थांबला.

माइकचा आवाज ऐकून लोकांना जत्रा आठवते. मला गेल्या हिवाळ्यातली एक दुपार आठवते.

गेल्या हिवाळ्यात पंचायत समितीला आमच्यातली हिरा आत्या उभी राहिली होती. आबांची चुलत बहीण. आबा म्हणजे माझे वडील. नवरा गेल्यावर आत्या माहेरी परत आली, अर्धा एकर कांदा आणि बारा मेंढरं एवढ्यावर तिनं दोन पोरी मोठ्या केल्या. कुठल्याच पक्षानं तिला तिकीट दिलं नाही. तिनंही फार मागितलं नाही. अपक्ष अर्ज भरला, चिन्ह मिळालं कपबशी. गावातले टगे म्हणाले, "आत्या, चहा तरी पाजा मग." आत्या म्हणाली, "पाजते की. दूध तुमचं, साखर तुमची, कपबशी तेवढी माझी."

हा विनोद नव्हता, हे आम्हाला नंतर कळलं. आत्या खरंच दूध-साखर मागत फिरणार होती.

आमच्याकडं निवडणुकीत लोकांनी पैसे द्यायचे असतात, ही गोष्टच कुणाला ठाऊक नव्हती. निवडणूक म्हणजे घ्यायचा सीझन. कुणी ढाब्यावर जेवायला नेतं, कुणी देवळाला फरशी देतं, शेवटच्या दोन दिवसांत पाकिटं फिरतात. त्यात कुणाला लाजही वाटत नाही. पाच वर्षांनी एकदा पाऊस पडावा तसं लोक ते अंगावर घेतात. आणि ही बाई दारात उभी राहून म्हणत होती, "जमंल तेवढं द्या. पावती देते. मी तुमाला काही देणार न्हाई, पण तुमी दिलं तर उद्या माझ्या गचांडीला धरता येईल तुमाला."

लोक हसायचे. काही जण दारच लावून घ्यायचे.

मला दार लावता येण्यासारखं नव्हतं. मी बारावीला असताना संध्याकाळची एसटी बंद झाली होती. कळंबच्या फाट्यावर उतरायचं आणि पुढं चालत यायचं, दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला ऊस. त्या वर्षी त्या उसात बिबट्याची मादी व्यायली होती. आम्ही पाच मुली कॉलेजला जायचो. तिघींचं कॉलेज त्याच आठवड्यात सुटलं. उरलो दोघी. आमचंही सुटणार होतं, आईनं माझी पुस्तकं बांधूनही ठेवली होती. तर हिरा आत्या रोज संध्याकाळी फाट्यावर येऊन उभी राहायला लागली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा. ती पुढं, आम्ही मागं. ती डबा बडवायची आणि उसाकडं तोंड करून बिबट्याला शिव्या घालायची. त्याच्या आईपासून सुरुवात करून त्याच्या सोयऱ्यांपर्यंत जायची. "माझ्या पोरींकडं बघशील तर मिशा उपटून मेंढरांच्या वाघरीला बांधीन तुझ्या!" आम्ही हसत हसत घरी पोचायचो. मग ती दोन महिने आगाराच्या चकरा मारत राहिली आणि संध्याकाळची गाडी पुन्हा सुरू करून घेतली.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नाही. आजोबांनी जन्म मेंढरांमागं काढला, आबांनी निम्मा. मी बी.एस्सी. झाले. हे मी मान वर करूनच सांगते, कुणाला गर्व वाटला तर वाटो. जुन्नरला माती-पाणी तपासायची एक खाजगी प्रयोगशाळा आहे, तिथं मी नोकरी करते. पगार गाव समजतं त्याच्या निम्मा आहे. पण गाव काय समजतं ते मी कधी खोडलं नाही, हीही खरी गोष्ट आहे. खोडायला हवं होतं. अंगावर चांगला ड्रेस, गळ्यात ओळखपत्र आणि "मॅडम" म्हणून येणारे फोन यांची मलाही गोडी लागली होती.

त्याच हिवाळ्यात आमच्याही घरावर वेळ आली होती. आबांकडं अजून चाळीस मेंढरं आहेत. रात्री त्यांच्याभोवती वाघर लावतात. वाघर म्हणजे सुताची जाळी, खुंट्यांना ताणून केलेलं कुंपण. लांडग्याच्या काळात ते पुरायचं. बिबट्या ते असं ओलांडतो, जसा आपण उंबरा ओलांडावा. आणि ऊसतोड लागली की त्याची लपायची जागा जाते, मग तो वस्त्यांकडं सरकतो. एका पहाटे दोन मेंढरं गेली. वाघर जागच्या जागी होती, एक गाठसुद्धा सुटली नव्हती. त्या दिवसापासून आबा मेंढरांच्या मधोमध घोंगडी टाकून झोपायला लागले. साठी ओलांडलेला माणूस, जवळ एक काठी आणि एक बॅटरी.

मी म्हणायचे, "आबा, आत झोपा."

"त्याला माणसाचा वास आला की तो येत न्हाई."

"आणि आला तर?"

"आला तर मेंढरं वाचतील," आबा म्हणायचे. असं म्हणून ते हसायचे, आणि आई चुलीपुढून उठून बाहेर जायची.

मी वर्षभर पगारातून लोखंडी जाळीसाठी पैसे मागं टाकत होते. वरूनही जाळी, चारी बाजूंनी जाळी, लोखंडी दार. एका शनिवारी जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेत गेले. जाळी विकणारे शेठ मूळचे राजस्थानातले जैन, पण तीन पिढ्या इथंच गेलेल्या. बोलणं आमच्यापेक्षा शुद्ध मराठी. त्यांनी जाळीचा गुंडाळा उलगडून दाखवला, बोटानं तार वाजवली. भाव ऐकून मी मनात पुन्हा एकदा बेरीज केली. साठवलेलं सगळं गेलं असतं, वर थोडं उधार राहिलं असतं.

तेवढ्यात दुकानात एका उमेदवाराची माणसं आली. शेठनी गल्ल्यातून काढून दिले, हात जोडले. ती गेली. मी जाळीचं माप लिहून देत होते तोवर दुसऱ्या उमेदवाराची आली. शेठनी त्यांनाही दिले, तसेच हात जोडले.

मी तोंडानं फटकळ. म्हणाले, "शेठ, दोघांनाही?"

"तिसरे यायचेत अजून, ताई."

"मग मत कुणाला?"

ते हसले. मग जाळी गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "एकालाच द्यावं असं मलाही वाटतं हो. पण तेवढी ऐपत नाही माझी."

मी त्या वाक्यावर नारायणगावपर्यंत विचार करत आले. एसटीत उभी होते, दांडा धरून. इतका मोठा माणूस, भरलेलं दुकान, तीन जणांना द्यायला पैसे आहेत आणि एकाला द्यायला नाहीत. माझ्याकडं तर एवढंसं आहे, पण ते मी कुणाला द्यायचं ते माझं मी ठरवू शकते. मला त्या गर्दीत एकदम श्रीमंत वाटलं. कळंबला उतरले तेव्हा ते उतरलं. फाट्यापासून घरापर्यंत अर्धा ऊस तुटला होता, उरलेला अर्धा काळा दिसत होता, आणि त्याच्या पलीकडं आबा वाघरीच्या खुंट्या ठोकत होते.

घरी बोलणं झालं. आई म्हणाली, "हिरानं तुला शिकवली. तिला न्हाई म्हणायचं व्हय?"

मी म्हणाले, "आणि आबा तिथं बाहेर झोपतात ते?"

"मला काय झालं?" आबा म्हणाले. "पैशाच्या जागी मेंढरू देऊ. एक कोकरू देतो तिला. आपल्यात तसंच देतात."

"आबा, निवडणुकीत कोकरू चालत नाही. रोजच्या रोज हिशेब द्यावा लागतो तिला."

"मग हिशेबात लिवायचं, एक कोकरू."

आम्ही तिघं हसलो. पण ठरलं काहीच नाही. त्या आठवड्यात मी तराजूच्या काट्यासारखी इकडून तिकडं हलत राहिले. मातीचे नमुने चाळताना वाटायचं, दहा हजार द्यावेत. घरी आल्यावर वाटायचं, एक रुपया देऊ नये. लोक म्हणतात ऐपत हातातल्या पैशांवरून ठरते. मला तेव्हा कळलं की माझ्या ऐपतीत आबांची झोप धरलेली होती. ती दुसऱ्याची वस्तू होती. ती मी कशी देणार?

शेवटी ठरवलं, दोन हजार. माझा रोजचा खर्च ओढून-ताणून निघतील तेवढे. जाळीला हात लावायचा नाही. रविवारी सभा आहे, सभा संपली की आत्याच्या हातात ठेवायचे आणि सगळं खरं सांगायचं.

सभा दुपारी होती, बिरोबाच्या देवळापुढं. ऊन चांगलं होतं तरी सावलीत गार लागत होतं. बायका एका बाजूला, पिवळे फेटे एका बाजूला, मागं उसाच्या रिकाम्या ट्रॉलीवर चढून बसलेली माणसं. माइक माझा चुलतभाऊ बाळूदादा याच्याकडं. जत्रेलाही माइक त्याच्याकडंच असतो.

जत्रेत आमच्याकडं एक रीत आहे. वर्गणीचा आकडा माइकवर बोलतात. पुष्कळदा माणसाला न विचारताच बोलतात. "आपल्या समाजाचं भूषण, अमुक अमुक, यांच्याकडून पाच हजार!" त्या माणसाला त्या क्षणीच कळतं की आपण पाच हजार दिलेत. तो उठून देवाला हात जोडतो. कारण नाव घेणं हा मान असतो, आणि देवापुढं बोललेला आकडा कुणी खाली आणत नाही. नंतर वर्षभर फेडत बसतो, पुढच्या जत्रेपर्यंत. मोठा आकडा ऐकला की दुसराही मोठा बोलतो. देवळाचं शिखर असंच उभं राहिलंय.

बाळूदादाला वाटलं, हेच इथं करू. वाईट हेतू नव्हता त्याचा. त्याला दुसरं माहीतच नव्हतं. त्यानं घेतली नावं. सात हजार, अकरा हजार, पाच हजार. ज्यांची नावं येत होती ती माणसं चपापून उठत होती, हात जोडत होती. टाळ्या पडत होत्या. आत्या व्यासपीठावर ताठ बसली होती. हिशेब मनात जुळत आल्यासारखा तिचा चेहरा हळूहळू सैल होत होता.

आणि मग, "आपल्या समाजाची पयली ग्रॅज्युएट! जुन्नरच्या मोठ्या लॅबमधल्या मॅडम! आमची वैशाली! यांच्याकडून, एकवीस हजार!"

टाळ्या. कुणीतरी शिट्टी मारली. शेजारची काकू माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "अगं बया, उठ की."

मी उठले. हात जोडायला दोन्ही हात वर आले होते. समोर पलीकडं आबा बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, हो म्हणून. जाऊ दे, अशी. त्या माणसाला कळलं होतं की आपली जाळी गेली, आणि तो मला म्हणत होता, जाऊ दे.

ती मान हलली नसती तर मी हात जोडून खाली बसले असते, हे मी आज कबूल करते. माझा ताठा तेवढा होता.

मी चालत माइकपर्यंत गेले. बाळूदादानं मोठ्या खुशीनं माइक माझ्या हातात दिला. त्याला वाटलं मी दोन शब्द बोलणार. माझा आवाज कर्ण्यातून मलाच उशिरा ऐकू येत होता. मी म्हणाले, "माझ्याकडून दोन हजार. एकवीस मला परवडत नाहीत. माझा पगार तेवढा नाही. तुम्हाला वाटतो तेवढा नाही."

एवढंच. कुणी ओरडलं नाही. ट्रॉलीवरचा एक जण म्हणाला, "मग शिकून काय केलं, राव?" आणि थोडं हसू पसरलं. ते मी सोसलं असतं. पण मग अकरा हजारवाला माणूस उठला. "मलाबी अकरा न्हाई जमायचं, बाळू. पाचशे धर." मग सातवाला. मग पाचवाला. एकेक जण उठून आपला आकडा खाली आणत होता, जणू कोणी तरी दार उघडं ठेवलं होतं आणि सगळ्यांना एकदम घरी जायचं आठवलं. बाळूदादा माइक हातात धरून नुसता उभा. आत्या माझ्याकडं बघत नव्हती. ती प्रत्येक उठणाऱ्या माणसाकडं बघत होती आणि मान लववून नमस्कार घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर जायच्या आधी दोन हजार घेऊन तिच्या घरी गेले. ती कांद्याची रोपं उपटत होती. हात ओल्या मातीचे. पैसे तिनं घेतले, पावती फाडली, मातीचा अंगठा पावतीवर उमटला.

"आत्या, मी खोटं बोलायला हवं होतं का?"

"न्हाई."

"मग?"

ती पुन्हा वाकली. "आदल्या दिवशी येऊन कानात सांगितलं असतंस तर मी बाळ्याला थांबवलं असतं. तू ठरवून बसली व्हतीस, पण मला सांगितलं न्हाईस. सभेनंतर देऊ म्हणलीस. का? तर आपला दोन हजाराचा आकडा कुणाला दिसू ने."

  ते तसंच होतं.

आत्याच्या प्रचाराची कर्णे लावलेली गाडी तीन दिवसांत बंद झाली. भाडं झेपेना. शेवटचा आठवडा आत्या पायी फिरली, चार बायका घेऊन, हातात खरीखुरी कपबशी. थोडक्यात पडली. थोडक्यात पडण्याचा त्रास मोठा असतो, कारण प्रत्येक गावात कुणाला तरी वाटतं, अजून दोन दिवस गाडी फिरली असती तर. मलाही वाटतं.

आणि जाळी उभी राहिली. शेठनी उरलेलं उधार ठेवलं. दार बसवलं त्या दिवसापासून आबा घरात झोपायला लागले. महिन्याभरात एका सकाळी जाळीभोवती ओल्या मातीत पंजाचे ठसे दिसले. पूर्ण एक फेरी. मग दाराशी थोडा वेळ बसल्याची जागा, गवत दबलेलं. आत चाळीसच्या चाळीस मेंढरं कोपऱ्यात एकमेकांत घुसून उभी. आबा त्या दबलेल्या गवताकडं बराच वेळ बघत राहिले. मी आबांकडं बघत राहिले. त्या जागेपासून त्यांची पूर्वीची घोंगडीची जागा चार पावलांवर होती.

हे दोन्ही खरं आहे. वर्षभर मी या दोन गोष्टी दोन हातांत घेऊन बसले. एसटीत, प्रयोगशाळेत, माती चाळताना. एक हात वर गेला की दुसरा खाली येतो. मला कुणी विचारलं की तू बरोबर केलंस का, तर मी आबांकडं बोट दाखवते. मग कुणी विचारायच्या आधीच मला आत्या आठवते, पायी चालणारी. वाईट याचं वाटतं की परवडत नाही हे सांगायला मी सगळ्यात शेवटची वेळ आणि सगळ्यात मोठा आवाज निवडला.

वर्षभरात आणखी एक झालं. मी पुन्हा मागं टाकायला लागले, यावेळी स्वतःसाठी. महाळुंग्यातून कळंब, कळंबहून नारायणगाव, तिथून जुन्नर, रोज तीन गाड्या बदलून मी थकलेय. मला स्कूटी घ्यायचीय. जुनी चालेल. पैसे जमत आलेत, दिवाळीच्या बोनसनं थोडी भरही पडली. दुकानदाराशी बोलणं झालंय. लाल रंगाची आहे, एका बाजूला ओरखडा आहे, तरी मला ती लई आवडलीय.

काल दुपारी हिरा आत्या आमच्याकडं आली. रविवार होता. ती सरपंचपदाला उभी राहतेय. आई चहा ठेवायला उठली. आत्या जोत्यावर बसली, पदरानं कपाळ पुसलं.

"मागायला न्हाई आले," ती म्हणाली. "आधी इचारायला आले. यंदा माइकवर कुणाचा आकडा बोलायचा न्हाई, अन् इचारल्याबिगर कुणाचं नावबी घ्यायचं न्हाई, असं बाळ्याला बजावलंय. घरोघर जाऊन इचारते. न्हाई म्हणाल तर चहा पिऊन जाते. चहाचा राग न्हाई."

आबा सुपारी कातरत होते. ते माझ्याकडं बघेनात. मीही त्यांच्याकडं बघेना. कुणी मान हलवायची नव्हती यावेळी. आत चहा उकळत होता, आणि लांब कळंबच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली चढाला लागली होती, तिचा आवाज वर वर येत होता. मी स्कूटीचा विचार केला. पुढचा सगळा पावसाळा फाट्यावर उभं राहायचा विचार केला. आईनं आतून डोकावून बघितलं.

"दहा," मी म्हणाले. "दहा हजार."

 आबांचा अडकित्ता थांबला.

"परवडंल का गं तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही परवडणार," मी म्हणाले, आणि पैसे आणायला आत गेले.